उंदीर जळाला, ताप आला

इंदूरचं नाव निघालं की हल्ली स्वच्छतेच्या पहिल्या नंबराचीच गोष्ट निघते. ही हौस नवी नाही. १९१७ च्या दिवाळीत शहरात एक अजब मिरवणूक निघाली होती. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात शहराचा आराखडा करायला आलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांची ती कल्पना. प्लेगचे दिवस होते. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नव्हती. ज्या आळीने घरंदारं झाडून-सारवून घेतली, तिच्यातून ती जाणार होती. मग काय, आळ्याआळ्यांत चढाओढ लागली आणि गाड्या भरभरून कचरा निघाला. झाडूवाले नव्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, झाडूंना फुलं, आणि सोबत प्लेगच्या उंदराचा भलामोठा पुतळा. तो शेवटी जाळला.

प्लेगपुरतं हे चोख होतं. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात. अडगळ हलली की उंदराचा आसरा जातो. पण वर्ष पुरं होण्याआधीच जी साथ आली, तिला ना उंदीर लागत होता ना उकिरडा.

मानमोडी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला जुनी माणसं असंच म्हणत. जूनमध्ये मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आडवे झाले, त्यांतला एक गोदीवर नेमलेला. ती पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात ताप परतला तो जीव घेत. सर्वपित्री अमावास्या नुकतीच झालेली, आणि ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. आगगाडीबरोबर ताप देशात आतवर शिरला. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत यांना सर्वांत जबर तडाखा बसला. पावसानेही त्या साली दगा दिलेला, धान्य महागलेलं. मृतांत विशी-चाळिशीतल्यांचा वाटा फार मोठा होता. हिंदुस्थानात एकूण किती गेले, याचे अंदाज १.२ कोटींपासून २ कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं, की जनगणनेत देशाची लोकसंख्या घटलेली दिसते.

डॉक्टर तेव्हा भलत्याच जिवाणूवर संशय धरून बसले होते. माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला १९३३ मध्ये, लंडनला. त्याच्या अंगावर दोन प्रथिनं असतात: ‘एच’ ही पेशीत शिरायची किल्ली, तर ‘एन’ ही बाहेर सुटायची कात्री. एच१एन१ हे नाव त्यांवरूनच. किल्ली थोडी थोडी घासत बदलते, म्हणून लस दरवर्षी नव्याने ठरवावी लागते. पक्ष्यांतली किंवा डुकरांतली अगदी वेगळी किल्ली माणसात चालू लागली, तर कुणाकडेच प्रतिकारशक्ती नसते आणि साथ जगभर पसरते. १९५७ आणि १९६८ मध्ये तसंच झालं.

२००९ च्या स्वाइन फ्लूपर्यंत हाताशी औषध होतं. ऑसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू, ती कात्री बोथट करतं. विषाणू पेशीपेशींत पसरायच्या आत ते द्यावं लागतं, म्हणूनच पहिल्या ४८ तासांचा आग्रह. आधी काढा, मग वाफ, मग शेजारच्यांची गोळी, असे चार दिवस काढून दवाखाना गाठण्याची आपली रीत इथे नडते. (वाफेला माझा विरोध नाही, तिचा नंबर दवाखान्याच्या आधी लावण्याला आहे.) २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, भारतीय बनावटीची लस २०१० मध्ये आली. फ्लूची लस अजूनही सरकारी लसीकरणाच्या यादीत नाही. गरोदर बाया, म्हातारी माणसं, दमेकरी यांनी ती स्वतःहूनच मागून घ्यायची. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत मध्य प्रदेशात सर्वाधिक रुग्ण याच स्वच्छ इंदुरात होते. श्वासातून येणाऱ्या रोगाला खिडक्या उघड्या हव्यात, मास्क हवा, आजारी माणसाने घरी बसायला हवं. कचऱ्याच्या गाडीचं ते काम नाही.

त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस इंदूरच्याच डेली कॉलेजच्या आवारात कावळे पटापट मरून पडू लागले. ज्याने पिंडाला शिवावं म्हणून आपण ताटकळतो, तोच पक्षी हातमोजे घालून उचलायची वेळ आली. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि एच५एन८, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, निघाला. मग आसपासच्या घरांत विचारपूस सुरू झाली: कुणाला सर्दी? ताप? हा विषाणू तोवर माणसात आढळलेला नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये रशियाने कळवलं की पोल्ट्रीतल्या सात कामगारांत तो सापडला. सातही जण बरे होते.