धावत्या अक्षरांचा स्क्रीनसेव्हर

धावत्या अक्षरांचा स्क्रीनसेव्हर : सायबर कॅफे, वाचनालय, अभ्यासिका, सेवा केंद्र अशा ठिकाणी लोकांसाठी ठेवलेला संगणक काही मिनिटे कोणी हाताळला नाही, की स्क्रीनवर आपोआप सरकू लागणारी एका ओळीची सूचना. माउस हलला किंवा कळ दाबली की ती नाहीशी होते. नागपुरात सीताबर्डी, धरमपेठ, महाल भागांतल्या कॅफेंमुळे आणि संगणक वर्गांमुळे ही ओळ ओळखीची झाली. वर्गात पोरे पहिल्यांदा त्यात स्वतःचेच नाव पळवून पाहत.

स्क्रीनसेव्हर निघाला तो वेगळ्याच कारणासाठी. जुन्या, पाठीमागे फुगीर असलेल्या सीआरटी मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिले, तर काचेच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर त्याचा कायमचा डाग उमटे. त्यावर जॉन सोचा या प्रोग्रॅमरने लिहिलेला, तीन मिनिटांनी स्क्रीन काळी करणारा प्रोग्रॅम डिसेंबर १९८३च्या ‘सॉफ्टटॉक’ मासिकात छापून आला. सरकत्या मजकुराचा ‘मार्की’ हा प्रकार विंडोज ३.१पासून एक्सपीपर्यंत विंडोजसोबतच मिळे. आजच्या एलसीडी स्क्रीनला तसा डाग पडत नाही, आणि स्क्रीनसेव्हरने वीजही वाचत नाही. उरला तो सूचनाफलकाचा उपयोग.

हा फलक कोण वाचतो, हे मात्र मजकूर लिहिणाऱ्याच्या क्वचितच ध्यानात येते. संगणक वापरणाऱ्याला ही ओळ सहसा दिसत नाही. बहुधा तो उठून गेल्यावर ती सुरू होते. वाचतो तो बाकावर नंबरची वाट पाहणारा किंवा आता खुर्ची ओढणारा. म्हणून ‘काम झाल्यावर लॉग आउट करा’ ही सूचना इथे वाया जाते. ती कीबोर्डशेजारी चिकटवलेली बरी. ‘आधी रजिस्टरमध्ये सही, मग बसा’ ही ओळ मात्र नेमक्या माणसाला नेमक्या वेळी गाठते.

एक्सपीवर हे काम दोन मिनिटांचे होते. डेस्कटॉपवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, स्क्रीनसेव्हरचा टॅब, यादीतून मार्की आणि मग सेटिंग्ज. तिथे मजकूर, फॉन्ट, पार्श्वभूमीचा रंग आणि वेग ठरवायचा. रेल्वे स्टेशनवरच्या इंडिकेटरमुळे काळ्यावर सरकणारी अक्षरे वाचायची सवय लोकांना असतेच. वेग थोडा कमीच ठेवावा, म्हणजे वाटेत उभ्या असलेल्या माणसाला पहिल्याच फेरीत ओळ कळते. वाट पाहण्याची वेळ पाच मिनिटांच्या आसपास बरी. एका मिनिटावर ठेवली, तर भरतीची लांबलचक जाहिरात माउसला हात न लावता वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अध्येमध्ये ‘शांतता राखा’ धावू लागते.

खरी कसोटी देवनागरीची. मराठी टायपिंग शिकलेले बरेच जण कृतिदेवसारखा जुना फॉन्ट वापरत. त्यात ‘वाचनालय’ उमटवायचे, तर मजकुराच्या चौकटीत दिसतात ओ, के, पी, यू, के, वाय ही इंग्रजी अक्षरे आणि शेवटी एक अर्धविराम. फॉन्ट निवडला की स्क्रीनवर शुद्ध मराठी. कोणी तो फॉन्ट काढून टाकला, की तीच इंग्रजी अक्षरे दिमाखात धावू लागतात. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ही भानगड नाही, पण एक्सपीत भाषेच्या सेटिंगमध्ये जटिल लिप्यांची सोय आधी बसवावी लागे. ती नसली की ‘विद्यार्थी’ या एका शब्दात तीन अपघात : वेलांटी ‘व’च्या मागे जाते, ‘द्य’ फुटतो आणि रफार खाली उतरून पाय मोडलेला ‘र्’ होतो.

१९५६पर्यंत नागपूर हे मराठी आणि हिंदी मुलखांच्या एकत्र प्रांताचे राजधानीचे शहर होते, आणि आजही काउंटरवर दोन्ही भाषा चालतात. लिपी एकच असल्याने त्याच फॉन्टमध्ये दोन्ही ओळी होतात. ‘नोंदवही’ऐवजी ‘रजिस्टर’ लिहिले, तर बरेचदा दुसऱ्या ओळीची गरजच पडत नाही.

बसवले, तरी ओळ येतच नाही, ही तक्रार नेहमीची. कारण बहुधा पॉवर ऑप्शन्समध्ये असते : दहा मिनिटांनी मॉनिटर बंद आणि पंधरा मिनिटांनी स्क्रीनसेव्हर, मग ओळ धावते ती मिटलेल्या स्क्रीनमागे. दुसरी तक्रार खोडसाळपणाची. आपल्या मित्राचे नाव आणि त्यापुढे काहीबाही लिहून पळणारे गिऱ्हाईक सगळीकडे भेटते. लोकांना मर्यादित अधिकारांचे खाते द्यावे आणि ग्रुप पॉलिसी या विंडोजमधल्या निर्बंधांच्या सोयीतून स्क्रीनसेव्हर बदलण्याची सोय बंद करावी. विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचे एडिटर मिळत नाही. ‘परत आल्यावर लॉगिन दाखवा’ ही खूण केली, तर आधीच्या माणसाची उघडी राहिलेली मेल झाकली जाते. मात्र पासवर्डसाठी दर वेळी ‘भाऊ, हे बंद होऊन राहिलं’ अशी हाक ऐकायची तयारी हवी.

२०११च्या सायबर कॅफेविषयक केंद्रीय नियमांनुसार अश्लील संकेतस्थळे पाहण्यास मनाई करणारा फलक ग्राहकांना स्पष्ट दिसेल असा लावावा लागतो. तोच मजकूर काही जण स्क्रीनवरही फिरवतात. फक्त कोणी बसले की ही ओळ गायब होते, त्यामुळे भिंतीवरची पाटी काढता येत नाही.

विंडोज व्हिस्टापासून मार्की यादीतून गेला. त्याच्या जागी उरलेल्या ‘थ्रीडी टेक्स्ट’मध्ये जेमतेम वीसेक अक्षरे मावतात. इंटरनेटवर मिळणारी स्क्रीनसेव्हरची कुठलीही एससीआर फाइल बसवू नये. ती नाव बदललेली ईएक्सई, म्हणजे थेट चालणाऱ्या प्रोग्रॅमची फाइलच असते आणि तिच्यातून व्हायरस सहज येतो. त्यापेक्षा सूचनेचे चित्र करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावे आणि ‘फोटोज’ हा स्क्रीनसेव्हर त्या फोल्डरकडे वळवावा. अक्षरे मार्कीसारखी धावत नाहीत, पण जोडाक्षरेही मोडत नाहीत.

लिनक्सवर १९९२पासूनचा एक्सस्क्रीनसेव्हर आहे. त्यातले मजकूर दाखवणारे प्रकार साध्या फाइलमधून ओळी उचलू शकतात, त्यामुळे सूचना बदलताना सेटिंगला हात लावावा लागत नाही. एरवी ‘उद्या मारबत, केंद्र बंद’ ही पोळ्यानंतरच्या नागपुरी सणाची ओळ नवरात्रापर्यंत धावत राहते, ती बहुधा सेटिंग कुठे आहे हे एकालाच माहीत असते आणि नेमका तोच सुटीवर असतो म्हणून.