इंटरप्ट व्यवस्थापन (बहुप्रोसेसर प्रणालींतील)

उपकरणाकडून आलेला इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष देण्याचा संकेत) कोणत्या प्रोसेसरने घ्यायचा, त्यातले किती काम लगेच उरकायचे व किती मागे ठेवायचे, आणि ते चालू असताना सामायिक माहिती इतर प्रोसेसरांपासून कशी जपायची, हे ठरविणारी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधील (गाभ्यातील) यंत्रणा. ‘व्यत्यय’ हा प्रतिशब्द अर्थाला चोख आहे. पण हे काम करणाऱ्यांच्या तोंडी ‘इंटरप्ट’च असतो, म्हणून नोंदीत तोच ठेवला आहे.

उगम : पहिला इंटरप्ट कोणत्या यंत्रात आला याबद्दल एकमत नाही. युनिव्हॅक १ (१९५१) या संगणकात बेरीज-वजाबाकीचे उत्तर जागेत मावले नाही, तर शून्य पत्त्यावरील दोन सूचना चालविण्याची सोय होती. परंतु हा संकेत चालू गणितातूनच उद्भवतो, बाहेरच्या उपकरणाकडून येत नाही. आजच्या परिभाषेत तो ‘ट्रॅप’ ठरेल. जुन्या लेखनात उपकरण-इंटरप्टचा मान बहुधा युनिव्हॅक ११०३ मालिकेला दिला जातो. अमेरिकेच्या नाका या (नासाच्या आधीच्या) संस्थेच्या लुईस प्रयोगशाळेत वातबोगद्यातील मोजमापे येतील तशी टिपायची आणि मधल्या वेळात दुसरे गणित चालू ठेवायचे, या गरजेतून ती सोय झाली. मात्र ती मूळ ११०३ मध्ये होती की नंतरच्या ११०३ए मध्ये, यावर मतभेद आहेत. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे मानल्यास ही सोय १९५० च्या दशकाच्या मध्यापलीकडे मागे जात नाही, आणि अग्रमान नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सच्या डिसिअ‍ॅक (१९५४) या यंत्राकडे येतो. त्यात दोन प्रोग्रॅम काउंटर (पुढची सूचना कोणती ते दाखविणारे गणक) होते व उपकरणाचा संकेत येताच यंत्र एकावरून दुसऱ्यावर जाई. इंटरप्टचे मर्म तेवढेच असल्याने डिसिअ‍ॅकचा दावा बळकट दिसतो.

हॉलंडमधील एक्स१ या यंत्रासाठी संगणकशास्त्रज्ञ ई. डब्ल्यू. डाइक्स्ट्रा यांनी इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला. १९५९ चा त्यांचा प्रबंध याच कामावर आहे. इंटरप्ट कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नाही, त्यामुळे चूक पुन्हा घडवून पाहता येणार नाही, ही धास्ती त्यांनी पुढे नोंदवली आहे. बहुप्रोसेसर यंत्रांत ती कित्येक पटींनी वाढते.

मूळ अडचण : एकच प्रोसेसर असताना कर्नलला साधा उपाय पुरे. नाजूक काम करताना इंटरप्ट बंद करायचे, झाले की सुरू करायचे. जुन्या युनिक्स कर्नलांत ‘एसपीएल’ कुळातील फंक्शने यासाठीच असत. पण इंटरप्ट बंद करण्याची सूचना ज्या प्रोसेसरवर चालते तेवढ्यापुरतीच लागू होते. त्याच क्षणी दुसऱ्या प्रोसेसरवर नेटवर्क कार्डाचा हँडलर (इंटरप्ट हाताळणारा कोड) त्याच सामायिक रांगेत पॅकेट घालत असू शकतो. म्हणून स्पिनलॉक (सुटेपर्यंत इतर प्रोसेसर जागीच वाट पाहतात असे लॉक) लागते, आणि नुसते तेही पुरत नाही. समजा, प्रोसेसर ० वरील कोडने रांगेचे लॉक घेतले आणि तेवढ्यात तिथेच इंटरप्ट आला. हँडलर तेच लॉक मिळण्याची वाट पाहत घुटमळत राहतो. लॉक ज्याच्या हाती आहे तो कोड हँडलर संपल्याखेरीज पुढे सरकत नाही. प्रोसेसर जागच्या जागी गोठतो. त्यामुळे असे लॉक घेताना आपल्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद करणे आणि इतरांसाठी लॉक लावणे, ही दोन्ही कामे एकत्र करावी लागतात. विषयाचा गाभा इथेच आहे. पुढची बहुतेक रचना यातून निघते.

लिनक्सच्या २.० आवृत्तीत (जून १९९६) बहुप्रोसेसर आधार आला तो सबंध कर्नलभोवती एकच मोठे लॉक घालून. सर्व प्रोसेसरांवरील इंटरप्ट एकदम थोपविणारी ‘सीएलआय’ ही सोयही त्या काळातली. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना ती सोपी, पण यंत्राला महाग पडे. २००२ मध्ये २.५.२८ या विकासआवृत्तीत ती बहुप्रोसेसर यंत्रांपुरती काढून टाकण्यात आली. मोठे लॉक पूर्णपणे जायला २०११ (आवृत्ती २.६.३९) उजाडले. सोलारिस २ या ऑपरेटिंग सिस्टिमने वेगळी वाट धरली होती : हँडलरला स्वतःचा थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) दिला, की लॉक न मिळाल्यास तो झोपू शकतो. ही कल्पना अधिक दूरदृष्टीची ठरली असे म्हणता येते, फ्रीबीएसडी ५ ने तीच उचलली आणि लिनक्समध्ये थ्रेडवर चालणारे हँडलर २००९ मध्ये (२.६.३०) आले.

नियंत्रक : जुन्या पीसीतील ८२५९ए नियंत्रकांची जोडी १५ इंटरप्ट वाहिन्या हाताळी, पण त्या एकाच प्रोसेसरकडे नेई. इंटेलच्या एपीआयसी (प्रगत इंटरप्ट नियंत्रक) रचनेत प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचा स्थानिक नियंत्रक मिळाला (१९९४ च्या पेंटियमपासून तो चिपमध्येच आहे) व उपकरणांच्या बाजूला वाटप करणारा आय-ओ एपीआयसी बसला. ८२०९३एए या चिपला २४ वाहिन्या आहेत. पुढे पीसीआय (उपकरणे जोडण्याचे मानक) २.२ पासून वाहिनीऐवजी स्मृतीच्या ठरावीक पत्त्यावर लिहून इंटरप्ट देण्याची ‘एमएसआय’ पद्धत आली. तिची मर्यादा ३२ संकेतांची, तर एमएसआय-एक्सची २०४८. बहुरांगी नेटवर्क कार्डाला प्रत्येक कोरसाठी (चिपमधील प्रोसेसरसाठी) वेगळा संकेत देणे यामुळेच शक्य झाले. एआरएम यंत्रांत हे काम जीआयसी हा नियंत्रक करतो.

कामाची विभागणी : हँडलर उपकरणाला पोच देतो आणि उरलेले काम मागे ठेवून निघतो. लिनक्स २.० मध्ये हे मागचे काम एका वेळी एकाच प्रोसेसरवर चाले. २.४ (२००१) मधील सॉफ्टआयआरक्यू (मागे ठेवलेले काम चालविणारी फंक्शने) एकाच वेळी अनेक प्रोसेसरांवर चालू शकतात. त्यांवरच बेतलेल्या टास्कलेटला मात्र स्वतःचीच दुसरी प्रत दुसरीकडे चालणार नाही अशी हमी असते. सॉफ्टआयआरक्यू सुमारे २ मिलिसेकंदांपेक्षा किंवा १० फेऱ्यांपेक्षा रेंगाळले, तर ते स्वतंत्र थ्रेडकडे सोपवतात. इंटरप्टांचा मारा एवढा वाढतो की प्रोसेसर पॅकेटे स्वीकारण्यातच गुंततो आणि ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमला वेळच उरत नाही, ही अवस्था मोगल व रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये मांडली. पहिल्या पॅकेटनंतर इंटरप्ट बंद ठेवून रांग स्वतः तपासत राहणे, ही लिनक्समधील ‘नापी’ पद्धत त्याच विचारातली.

वाटप : लिनक्समध्ये ‘प्रॉक’ या निर्देशिकेतील इंटरप्ट्स या फाइलीत प्रत्येक प्रोसेसरचा एक स्तंभ व प्रत्येक इंटरप्टची एक ओळ असते. नेटवर्क कार्डाच्या ओळीतले सगळे आकडे पहिल्याच स्तंभात वाढताना दिसले, तर बाकीच्या कोरांना त्या कामात वाटा नाही हे नजरेस येते. त्या इंटरप्टच्या मुखवट्यात (अ‍ॅफिनिटी मास्क; त्यातला प्रत्येक बिट एका प्रोसेसरचा) ३ लिहिल्यास प्रोसेसर ० व १ ला मुभा मिळते, ४ लिहिल्यास फक्त प्रोसेसर २ ला. मात्र इंटरप्ट सारखा हलवत राहिल्यास प्रोसेसरच्या कॅशमध्ये (जवळच्या जलद स्मृतीत) जमलेली माहिती वाया जाते. सरसकट समान वाटप म्हणूनच नेहमी हिताचे नसते.

प्रोसेसरही एकमेकांना इंटरप्ट पाठवतात : नवे काम घ्यायला सांगण्यासाठी, किंवा स्मृतीच्या पानांचे पत्ते बदलल्यावर टीएलबीतील (पत्त्यांची रूपांतरे जपणाऱ्या कॅशमधील) जुन्या नोंदी पुसण्यासाठी. या दुसऱ्या प्रकारात पाठविणाऱ्याला सर्वांची पोच येईपर्यंत थांबावे लागते, त्यामुळे कोर वाढतील तसा तो जड होत जातो.

एखाद्या वाहिनीवर एक लाखांपैकी ९९,९०० हून अधिक इंटरप्टना कोणत्याच हँडलरने आपले म्हटले नाही, तर लिनक्स ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश नोंदवून ती वाहिनी बंद करतो.