सदस्यत्वाआधीचा पैसा

१९८९च्या जुलैमध्ये सात श्रीमंत देशांचे नेते पॅरिसला जमले, तेव्हा बर्लिनची भिंत अजून उभी होती. पोलंडमध्ये मात्र निवडणूक होऊन गेली होती आणि हंगेरीने ऑस्ट्रियाच्या हद्दीवरचं तारेचं कुंपण काढायला घेतलं होतं. या दोन देशांना मदत करायची आणि तिचा मेळ आजच्या युरोपीय महासंघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाने घालायचा, असं पॅरिसला ठरलं. डिसेंबरमध्ये नियमावली मंजूर झाली आणि 'फार' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. नाव म्हणजे पोलंड, हंगेरी आणि आर्थिक फेररचना या शब्दांची आद्याक्षरं. फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचा अर्थ दीपगृह. पुढे पूर्व युरोपातले इतर देशही त्यात आले, नाव तेच राहिलं.

महासंघात शिरण्याआधी देशांना मिळणाऱ्या पैशाची सुरुवात इथली. पण तेव्हा सदस्यत्वाचा विषयही निघाला नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत निकडीची मदत गेली आणि पाठोपाठ सल्लागार आले. सरकारी कारखाने विकायचे कसे, बँका चालवायच्या कशा, हे सांगायला पश्चिमेकडून माणसं यायची, आठवडाभर वॉर्साच्या हॉटेलात राहायची, अहवाल देऊन परत जायची. पोलंडमध्ये त्यांना 'मॅरियट ब्रिगेड' हे नावच पडलं. मदतीचा बराच पैसा आला तसा पश्चिमेकडेच परत गेला, ही तिथल्या लोकांची तक्रार मला रास्त वाटते.

१९९३ साली कोपनहेगनच्या बैठकीत सदस्यत्वाच्या अटी ठरल्या: स्थिर लोकशाही, चालती बाजारपेठ आणि महासंघाचे सगळे कायदे पाळण्याची कुवत. तिसरी अट सर्वांत जड. हे कायदे सुमारे ८०,००० पानांचे भरतात, असं तेव्हा सांगितलं जायचं. ते संसदेत मंजूर करणं एक वेळ सोपं. पण खाटीकखाना तपासणारा निरीक्षक, प्रयोगशाळा, सीमेवरचं जकात नाकं, टेंडर काढणारा कारकून हे सगळं नसेल तर कायदा कागदावरच राहतो. म्हणून १९९८पासून 'फार'ची दिशा बदलली. साधारण ३० टक्के पैसा संस्था घडवण्यासाठी आणि ७० टक्के गुंतवणुकीसाठी, असं ठरलं. त्याच वर्षी 'ट्विनिंग' म्हणजे जोडी लावण्याची पद्धत आली. सदस्य देशातला नोकरीतला अधिकारी उमेदवार देशाच्या खात्यात येऊन किमान वर्षभर बसायचा. सल्लागारापेक्षा हा माणूस वेगळा, कारण त्याने हेच काम स्वतःच्या देशात टेबलावर बसून केलेलं असायचं.

२००० साली आणखी दोन निधी आले. 'इस्पा' रस्ते, रेल्वे, सांडपाणी यांसाठी आणि 'सापार्ड' शेती आणि ग्रामीण भागासाठी. तिन्ही मिळून वर्षाला तीन अब्ज युरोंच्या वर रक्कम होती. यातला सापार्ड सर्वांत लहान, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण इथे पैसे वाटण्याचं काम प्रथमच उमेदवार देशाच्या स्वतःच्या यंत्रणेकडे सोपवलं गेलं. ती यंत्रणा आधी उभी करायची, आयोगाकडून तपासून घ्यायची, मगच पहिला युरो सुटणार. वर्ष उलटून गेलं तरी पैसा हलला नाही. २००१च्या मे महिन्यात बल्गेरियाला पहिली मान्यता मिळाली.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे आणखी कठीण होतं. दूध थंड ठेवायची टाकी घ्यायची, तर आधी अर्ज, मग मंजुरी, मग स्वतःच्या खिशातून खरेदी. बिलं जोडायची, अधिकारी येऊन टाकी बघून जायचा आणि त्यानंतर खर्चाचा काही हिस्सा, बहुधा निम्म्यापर्यंत, परत मिळायचा. ज्याच्याकडे आधी पैसे नाहीत किंवा ज्याला बँक कर्ज देत नाही, तो लहान शेतकरी इथेच गळायचा. हिशेब चोख राहिला, पण ज्यांना सर्वांत गरज होती त्यांच्यापर्यंत तो पैसा कमीच पोचला.

काही देशांपुढे वेगळीच अट होती. लिथुआनियातलं इग्नालिना अणुवीज केंद्र चेर्नोबिलच्याच जातीचं. देशाची बहुतेक वीज तिथूनच यायची, तरी ते बंद करण्याचं वचन दिल्याशिवाय प्रवेश नव्हता. त्यासाठी युरोपीय पुनर्रचना आणि विकास बँकेकडे देणगीदारांचा वेगळा निधी उघडला गेला. पहिली अणुभट्टी २००४च्या अखेरीस थांबली, दुसरी २००९च्या. केंद्राच्या कामगारांसाठी वसवलेल्या व्हिसागिनास शहराचा पोटापाण्याचा आधार त्याबरोबर गेला. भट्टी थांबली तरी काम संपत नाही. ती मोडून साफ करण्याचा खर्च आजही चालू आहे.

२००४च्या १ मे रोजी दहा देश सदस्य झाले, २००७ला बल्गेरिया आणि रोमानिया. ज्या बल्गेरियाला सापार्डची पहिली मान्यता मिळाली होती, त्याच देशात २००८ साली आयोगाने गैरव्यवहारांमुळे दोन सरकारी यंत्रणांची मान्यता काढून घेतली, आणि जवळपास २२ कोटी युरो कायमचे गेले. सदस्यत्वाआधी मंजूर झालेला पैसा सदस्य झाल्यावर गमवावा लागला. मान्यतेचा शिक्का एकदा मिळवणं आणि कारभार वर्षानुवर्षं स्वच्छ ठेवणं यांतलं अंतर यात दिसलं.

२००७पासून सगळे जुने निधी 'आयपीए' म्हणजे सदस्यत्वपूर्व मदत या एकाच छत्राखाली आले. २०२१ ते २०२७ या तिसऱ्या टप्प्याची तरतूद १४ अब्ज युरोंच्या आसपास आहे. क्रोएशिया आयपीएच्या पहिल्या टप्प्यात तयार होऊन २०१३ला आत गेला. त्यानंतर एकही नवा देश आत गेलेला नाही. उत्तर मॅसिडोनिया २००५पासून उमेदवार आहे. सदस्यत्वासाठी त्याने २०१९ला देशाचं नावसुद्धा बदललं. तयारीचा पैसा येत राहतो, प्रवेशाची तारीख येत नाही, आणि याचा तिथल्या लोकांच्या मनावर काय परिणाम होतो, हे कुठल्याही लेखापरीक्षणात मोजलं जात नाही.

पश्चिम बाल्कनसाठी, म्हणजे सर्बिया, अल्बानिया, उत्तर मॅसिडोनिया अशा देशांसाठी, २०२४ला सुरू झालेली ६ अब्ज युरोंची सोय या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. त्यातले २ अब्ज अनुदान, ४ अब्ज सवलतीचं कर्ज. प्रत्येक देशाने सुधारणांची यादी स्वतः लिहून द्यायची आणि कलम पुरं झालं की हप्ता घ्यायचा. ठरल्या मुदतीत झालं नाही, तर त्याच्या वाट्याची रक्कम शेजारच्या देशांकडे वळवता येते.