दुरुस्ती कोण करणार? समाजमाध्यमांवरच्या भाषाशिक्षणाची पार्श्वभूमी

अर्धा वेळ तुझी भाषा, अर्धा वेळ माझी. फ्रेंच आणि जर्मन तरुणांच्या एकत्र शिबिरांमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस ही जोडीनं शिकण्याची पद्धत रुळली आणि तिला 'टँडेम' हे नाव पडलं. पुढे १९९०च्या दशकात अशाच जोड्या ईमेलवर जमू लागल्या. समाजमाध्यमांनी हा जुनाच सौदा उचलला. फक्त समोर एका माणसाऐवजी जमाव आला.

खरा बहर २००७चा. त्या वर्षी सिॲटलमधून 'लाइव्हमोका' आणि जपानमधून 'लँग-८' ही भाषा शिकण्याची संकेतस्थळं सुरू झाली. लँग-८ची रीत अगदी साधी होती. शिकत असलेल्या भाषेत रोजनिशीसारखं काही लिहायचं, ती भाषा बोलणारे लोक वाक्यागणिक दुरुस्त्या सुचवायचे आणि आपण आपल्या भाषेत धडपडणाऱ्यांचं लिखाण तपासून द्यायचं. पैशांचा व्यवहार नाही. दुसऱ्याला मदत केली तर आपल्यालाही मिळते, एवढ्यावर सगळा डोलारा उभा होता. इतकी सरळ व्यवस्था त्यानंतर क्वचितच दिसली.

गुंता झाला तो 'नेटिव्ह स्पीकर' या शब्दाचा. नोंदणी करताना आपली 'नेटिव्ह' भाषा सांगायची आणि त्या भाषेतलं लिखाण तपासण्याचा मान घ्यायचा, अशी ही मांडणी. मराठीत आपण 'मातृभाषक' म्हणून मोकळे होतो, पण त्यानं प्रश्न सुटत नाही. घरी एक भाषा बोलणारा आणि सगळं शिक्षण दुसरीत झालेला माणूस रकान्यात काय भरणार? बोलतो पहिली, निबंध लिहितो दुसरीत. शिवाय जो तो आपलं आपणच सांगणार. पडताळणी कोण करतो?

एक उदाहरण घ्या. शिकणाऱ्यानं लिहिलं, 'आय हॅव सीन हिम यस्टरडे'. एक जण 'हॅव सीन' खोडून 'सॉ' लिहितो. दुसरा 'यस्टरडे' खोडतो आणि 'हॅव सीन' तसंच ठेवतो. दोन्ही वाक्यं शुद्ध. कारण विचारलं तर उत्तर येतं, 'असंच म्हणतात.' ते खोटंही नाही, कारण ज्याला भाषा लहानपणीच आली त्याला तिचा नियम सांगता येईलच असं नाही. भूतकाळातली वेळ नेमकी सांगितली की त्या वाक्यात 'हॅव' बसत नाही, हे नीट उलगडून सांगू शकतो तो तीच चूक करून शिकलेला माणूस. त्याची दुरुस्ती मात्र दुय्यम धरली जायची. माझ्या मते या प्रयोगांची खरी चूक इथे होती. पैसे कसे उभे करायचे हा प्रश्न नंतरचा.

अर्थात पैशांचा प्रश्न आलाच. लाइव्हमोका २०१३मध्ये विकलं गेलं आणि २०१६मध्ये बंद झालं. लँग-८नं २०१७मध्ये नव्या सभासदांची नोंदणी थांबवली. दरम्यान २०१२मध्ये 'डुओलिंगो' हे भाषा शिकवणारं हिरव्या घुबडाचं ॲप सर्वांसाठी खुलं झालं होतं. शिकणाऱ्यांनी करून दिलेले अनुवाद विकायचे आणि त्यातून धडे फुकट ठेवायचे, असा त्याचा सुरुवातीचा बेत होता. तो पुढे मागे पडला. पण धड्यांपेक्षाही मोलाच्या होत्या त्यातल्या चर्चा. हाच शब्दक्रम का, इथे हे अव्यय कशाला, असली खणाखणी तिथे चालायची. ही चर्चापीठं मार्च २०२२मध्ये बंद झाली. देखरेख अवघड असते, वाद होतात, हे मान्य. पण वर्षानुवर्षं लोकांनी फुकट लिहिलेली स्पष्टीकरणं अशी बाजूला सारणं मला आजही पटत नाही.

तोवर छोट्या व्हिडिओंची लाट आली होती. मिनिटभरात पाच वाक्प्रचार, उच्चार छान, चेहरा हसरा. ऐकण्याच्या सरावाला हे उत्तमच. पण शिकणाऱ्याचं स्वतःचं वाक्य कुणी वाचत नाही. त्यानं ते प्रतिक्रियेत टाकलं तरी शेकडो प्रतिक्रियांखाली गडप होतं.

जानेवारी २०२५मध्ये जुना सौदा अचानक पुन्हा दिसला. अमेरिकेत टिकटॉकवर बंदीची टांगती तलवार आली, तसे तिथले कितीतरी वापरकर्ते 'शाओहोंगशू' या चिनी ॲपवर गेले. चिनी विद्यार्थी त्यांना इंग्रजीचा गृहपाठ विचारू लागले, अमेरिकन मोडकंतोडकं चिनी लिहू लागले. थोड्याच दिवसांत ॲपमध्ये भाषांतराचं बटण आलं.