पाणीचोर

ग्रीक तत्त्वज्ञ म्हणजे नुसते बसून वाद घालणारे, प्रयोग वगैरे त्यांच्या गावीही नव्हते, हे परवा पुन्हा वाचलं आणि डोकं सणकलं. अर्धं खरंय म्हणा, पण मग एम्पेडोक्लिसचं काय करायचं?

हा इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला, सिसिलीतल्या अक्रागास शहरातला माणूस, आणि विज्ञान लिहायचा चक्क कवितेत. एका कवितेत एक मुलगी काशाच्या चकचकीत भांड्याशी खेळतेय. भांड्याचं नाव क्लेप्सिड्रा, म्हणजे पाणीचोर (पाण्याच्या घड्याळालाही हेच नाव होतं, ते वेगळं). वर अरुंद तोंड, बुडाला झारीसारखी बारीक भोकं. वरचं तोंड हाताने दाबून बुडवलं तर एवढी भोकं असूनही पाणी आत येत नाही, हात काढला की भसकन भरतं, आणि भरल्यावर परत दाबून उचललं तर थेंब गळत नाही. एम्पेडोक्लिस म्हणतो, आधी आतल्या हवेने पाण्याला अडवलं, आता बाहेरची हवा भोकांच्या दारात पाणी धरून उभी आहे. म्हणजे हवा ही रिकामी जागा नाही, वस्तू आहे!

घरी करून बघा. पाण्याच्या बाटलीच्या बुडाला गरम सुईने आठ-दहा भोकं पाडा, बादलीत बुडवून भरा, झाकण घट्ट लावा, उचला. मात्र गळ्याशी धरा, मी पोटाशी धरली, बाटली दबली आणि ओटा धुऊन निघाला. बाटलीतलं १५ सेंटीमीटर उंच पाणी दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम १५ ग्रॅमचा भार देतं, खालून हवेचा दाब मात्र साधारण १ किलोचा, मग पाणी पडणार कसं? आता कोणी विचारेल, बाटली नुसती उपडी केली की का सांडते, दाब तर तोच? तर मोठ्या तोंडातून हवेचे बुडबुडे वर घुसतात आणि पाणी खाली येतं, बारीक भोकात मात्र पृष्ठताणामुळे पाण्याचा पडदा ताणून राहतो, फुटत नाही, म्हणून बुडबुडा शिरत नाही.

याला प्रयोग म्हणायचं की नुसतं निरीक्षण, यावर भांडता येईल. त्याला समजवायचा होता श्वासोच्छ्वास, आणि तिथे गडी साफ चुकला, रक्त आत-बाहेर सरकतं तशी बारीक छिद्रांतून हवा आत-बाहेर होते म्हणाला. वर स्वतःला देव म्हणवून घ्यायचा, वारा थांबवायला शिकवतो म्हणायचा. तेव्हा 'प्राचीन लोकांना सगळं ठाऊक होतं'वाल्यांनी फार खूश होऊ नये. हवेचा दाब मोजायला १६४३ उजाडलं, टोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाच्या नळीत पारा ७६ सेंटीमीटरच्या आसपास थांबला तेव्हा.