सुईतलं ‘साधं पाणी’

मेडिकल चौकातल्या दुकानातून सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन घेतलं की डबीत पांढऱ्या भुकटीची कुपी निघते आणि सोबत पाण्याची चिमुकली अँप्युल. नातेवाईक कुपी जिवापाड जपत वॉर्डात नेतात. अँप्युल फुटली, तर "एक डिस्टिल वॉटर द्या हो" म्हणत परत येतात. ते पाणीही औषधाइतकंच महत्त्वाचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

सिस्टर अँप्युलची मान मोडते, पाणी कुपीत सोडते, हलवते; भुकटी विरघळून फिकट पिवळा द्रव होतो. हीच भुकटी स्नायूत द्यायची तर वेदना कमी व्हाव्यात म्हणून लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात कालवतात. ते मिश्रण नसेत मात्र कधीच द्यायचं नाही, लिग्नोकेन हृदयाची लय बिघडवू शकतं. आरएलच्या, म्हणजे रिंगर लॅक्टेट या सलाईनच्या, बाटलीतही नाही. त्यातल्या कॅल्शियमशी सेफ्ट्रिअॅक्सोनची गाठ पडली की साका धरतो.

काही औषधं पाण्यात विरघळतच नाहीत. फिटवरच्या फेनिटॉइनच्या इंजेक्शनात ते विरघळवायला 40 टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि 10 टक्के अल्कोहोल असतं. भरभर दिलं तर रक्तदाब कोसळतो, म्हणून मोठ्या माणसालाही मिनिटाला 50 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या सलाईनमध्ये, मिसळलं तर औषध खडे होऊन खाली बसतं.

मला सर्वात अस्वस्थ करतं ते बेंझिल अल्कोहोल. एकाच बाटलीत पुन्हापुन्हा सुई टोचायची असेल तर आत जंतू वाढू नयेत म्हणून ते घालतात. मोठ्यांचं यकृत त्याचं बेंझॉइक आम्ल करतं, त्याला ग्लायसिन जोडतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हे जमत नाही. आम्ल साचत जातं, बाळ धापा टाकू लागतं. अमेरिकेत शिरेतल्या नळ्या धुवायला बेंझिल अल्कोहोल घातलेलं सलाईन वापरल्यामुळे बाळं दगावली, आणि 1982 साली तिथल्या औषध प्रशासनाने नवजातांसाठी ते वापरू नका असं बजावलं. नळी धुण्यापुरतं घेतलेलं ते सलाईन कुणी औषध म्हणून मोजलंच नव्हतं.

आपलं बाळ काचेच्या पेटीत असेल तर सिस्टरला जरूर विचारा: नळी कशाने धुता, त्या बाटलीच्या लेबलवर बेंझिल अल्कोहोल लिहिलंय का? अक्षरं बारीक असतात, पण असतात.