लग्नाचे आभारपत्र : पोचपावतीपासून वर्षभराच्या मुदतीपर्यंत

प्रत्येक भेटवस्तूसाठी स्वतंत्र, हाताने लिहिलेले आणि वेळेत टपालात पडलेले आभारपत्र, हा लग्नाचा संकेत इंग्लंड-अमेरिकेत फार पुरातन समजला जातो. प्रत्यक्षात त्यातली जवळपास प्रत्येक अट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आकाराला आली, आणि पुष्कळदा एखाद्या नव्या सोयीला अटकाव करण्यासाठी आली.

ब्रिटनमध्ये 1840 पूर्वी टपालखर्च बहुधा पत्र स्वीकारणाऱ्याला द्यावा लागे आणि तो अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरे. भेट देणाऱ्याला आभारपत्र पाठवणे म्हणजे त्याच्यावर आणखी एक खर्च लादणे होते. त्यामुळे आभार बरेचसे प्रत्यक्ष भेटीत किंवा लग्नानंतरच्या औपचारिक गाठीभेटींत मानले जात. 1840 मध्ये अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एक पेनी असा सरसकट दर आला, तिकीट पाठवणाऱ्याने लावायचे ठरले आणि पत्र न पाठवण्याची एक रास्त सबब कायमची गेली. अमेरिकेत देशभर चालणारी तिकिटे 1847 मध्ये आली आणि 1855 पासून टपालखर्च आगाऊ भरणे बंधनकारक झाले.

त्यानंतरच्या काही दशकांत भेटींची संख्याही वाढली. 1859 मध्ये नेवाडातील कॉमस्टॉक येथे चांदीचा मोठा साठा सापडल्यावर पुढे चांदी स्वस्त होत गेली, यंत्रावर घडवलेले चमचे, सुऱ्या आणि तबके मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, आणि आप्तांपुरती असलेली भेट देण्याची पद्धत ओळखीच्या मंडळींपर्यंत पसरली. वधूच्या घरी भेटवस्तू मांडून ठेवण्याची आणि त्यांच्या याद्या वृत्तपत्रांत छापण्याची प्रथा याच काळातली. कोणी काय दिले हे सगळ्यांना दिसत असताना कोणाचे आभार राहून जाणे हे अर्थातच अधिक बोचणारे ठरले.

हाताने लिहिण्याचा आग्रह मात्र टंकलेखन यंत्र आल्यावरचा आहे. हे यंत्र 1874 मध्ये बाजारात आले. त्याआधी खासगी पत्र हातानेच लिहिले जाई, त्यामुळे तसा नियम करण्याचे कारणच नव्हते. 1922 मध्ये न्यूयॉर्कमधून प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे प्रमाण मानल्या गेलेल्या एका शिष्टाचारग्रंथात टेलिफोनवरून मानलेले आभार चालणार नाहीत आणि वाटेत भेटल्यावर तोंडी म्हटलेलेही चालणार नाहीत, असे स्पष्ट बजावले आहे. शेकडो भेटी येऊनही त्या दिवशी आलेल्या प्रत्येक भेटीचे पत्र लिहून झाल्याशिवाय रात्री न झोपणाऱ्या एका वधूचे उदाहरणही तिथे कौतुकाने दिले आहे. हे काम एकट्या वधूचे का, हा प्रश्न त्या काळात कोणी फारसा विचारला नाही. सही लग्नाआधी माहेरच्या नावाने आणि नंतर नव्या नावाने करायची, इतके बारकावे ठरले. वराकडे लेखणी जायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

1924 मध्ये शिकागोतील एका मोठ्या दुकानाने वधूच्या पसंतीच्या वस्तूंची यादी ठेवण्याची सोय सुरू केली आणि आभारपत्राचा दुसरा, कमी बोलला जाणारा उपयोग अधिक ठळक झाला. पाहुणा दुकानात पैसे भरी आणि वस्तू दुकानातून परस्पर वधूच्या घरी जाई. ती पोहोचली की वाटेत फुटली, हे कळण्याचा त्याच्याकडे एकच मार्ग होता. आभारपत्र हे पोचपावतीही होते, आणि ते लवकर पाठवण्यामागे सौजन्याइतकाच हा व्यवहार होता. ही बाब लक्षात घेतली नाही, तर मुदतीविषयीचा पुढचा गोंधळ उलगडत नाही.

आभारपत्रासाठी नवदांपत्याला एक वर्ष मिळते, ही समजूत आज अमेरिकेत इतकी रुजली आहे की ती नियम म्हणूनच सांगितली जाते. शिष्टाचारावर लिहिणारी जाणती मंडळी मात्र ती सातत्याने फेटाळत आली आहेत. तिच्याबरोबर आणखी एक समजूत वावरते : पाहुण्याला भेट पाठवण्यासाठी वर्षभराची सवलत आहे. याही सवलतीबद्दल मतभेद आहेत. भेट लग्नापूर्वी किंवा लग्नानंतर लवकरात लवकर पाठवावी, असेच अनेकांचे सांगणे आहे. तरीही ती निदान समजण्याजोगी आहे, कारण उशिरा आलेल्या भेटीने कोणाचे फारसे बिघडत नाही. माझ्या मते पाहुण्याची ही सवलत बोलता बोलता दांपत्याच्या खात्यावर जमा झाली आणि तिथेच राहिली.

मोठ्या लग्नांसाठी एकेकाळी मान्य असलेल्या छापील पोचकार्डानेही या घोळाला हातभार लावला असावा. आपली भेट मिळाली असून सविस्तर पत्र यथावकाश पाठवू, एवढाच मजकूर त्यावर असे. त्यामुळे देणाऱ्याची काळजी मिटे आणि खऱ्या पत्राला सवड मिळे. पुढे कार्डाची पद्धत मागे पडली आणि सवड तेवढी लोकांच्या स्मरणात राहिली. हा माझा तर्क आहे, पण वर्षभराच्या मुदतीला याहून सबळ आधार मला दिसत नाही.

मुदत मान्य केली तरी ती कोणत्या दिवसापासून मोजायची, यावर जाणकारांचेही एकमत नाही. लग्नाआधी आलेल्या भेटीसाठी दोन आठवडे, लग्नात किंवा नंतर आलेल्या भेटीसाठी मधुचंद्राहून परतल्यावर एक महिना, किंवा सरसकट तीन महिने, असे निरनिराळे आकडे सांगितले जातात. यांतले काही भेट मिळाल्यापासून मोजतात, काही समारंभापासून. 2020 च्या साथीत हा भेद ऐरणीवर आला. लग्ने अनिश्चित काळासाठी पुढे ढकलली गेली, यादीतल्या वस्तू मात्र ठरल्याप्रमाणे घरी येऊन पडल्या. तेव्हा समारंभाची वाट न पाहता आभार कळवावेत, असाच सल्ला सर्वसाधारणपणे दिला गेला. म्हणजे मुदत भेटीच्या दिवसापासून चालते, हे अडचणीच्या काळात का होईना, मान्य झाले. वर्षभराच्या पुरस्कर्त्यांकडे याला उत्तर नाही.

पैशांच्या भेटीने हिशेब आणखी बदलला. अमेरिकी कायद्यानुसार सहा महिन्यांपेक्षा जुना साधा धनादेश वटवण्याचे बंधन बँकेवर नसते, त्यामुळे तो वेळेत भरला जातो आणि देणाऱ्याला खात्यावरूनच कळते. पत्रात रक्कम लिहू नये, तिचा विनियोग कशासाठी होणार ते लिहावे, हा जुना दंडक आता काहीसा सैल झाला असला तरी विनियोगाचा उल्लेख टिकून आहे, आणि तो टिकावा. नाहीतर अशा पत्रात लिहिण्यासारखे फारसे काही उरत नाही.

1990 च्या दशकात दुकानांच्या याद्या संगणकावर गेल्या आणि पुढे इंटरनेटवर आल्या. आता वस्तू पोहोचल्याचा संदेश देणाऱ्याला दुकानच पाठवते. पोचपावतीचे काम पत्राकडून गेले, तेव्हा पत्राचीही गरज संपली असे म्हणणारा एक वर्ग तयार झाला. दुसरा वर्ग ईमेलने लगेच पोच द्यावी आणि आभार कागदावर मानावेत, असे सांगतो. ही तडजोड म्हणजे जुन्या छापील कार्डाचीच नवी आवृत्ती आहे, आणि तिच्यातही दुसरा टप्पा लांबत जाण्याचा धोका तसाच आहे.

दरम्यान खरे पेन धरून माणसासारखे वेडेवाकडे अक्षर काढणारी यंत्रे सेवा म्हणून उपलब्ध झाली आहेत आणि मजकूरही संगणकाकडून लिहून घेता येतो. हाताने लिहिण्याचा नियम टंकलेखन यंत्राला दूर ठेवण्यासाठी झाला होता. शाईच्या पेनाने लिहिणारे यंत्र त्या नियमाच्या शब्दांत बसते की नाही, यावर शिष्टाचाराच्या सल्लागारांमध्ये अजून वाद चालू आहे.